किरण आला की आली?

जर्मनीच्या घटना न्यायालयाने ५ डिसेंबर २००८ रोजी एका नावावर निकाल दिला. नाव होतं किरण. भारतीय मुळाच्या कुटुंबात २००६ साली मुलगी जन्मली, आईवडिलांनी तिचं नाव किरण ठेवलं आणि नोंदणी कार्यालय अडून बसलं. कारण काय, तर या नावावरून मूल मुलगा आहे की मुलगी हे कळत नाही. किरण हवंच असेल तर सोबत मुलीचं म्हणून ओळखू येईल असं दुसरं नाव लावा, हा कार्यालयाचा आग्रह. आईवडील हटले नाहीत. प्रकरण एकेक पायरी चढत देशातल्या सर्वांत वरच्या न्यायपीठापुढे गेलं.

न्यायपीठाने सरळ सांगितलं, की नावातून लिंग कळलंच पाहिजे असं जर्मनीच्या कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मुलाचं नाव ठेवणं हा आईवडिलांचा हक्क आहे. त्या नावाने मुलाचं अहित होणार असेल तरच सरकारने आड यावं. म्हणजे इतकी वर्षं देशभरच्या कार्यालयांत जो नियम दगडावरची रेघ म्हणून पाळला जात होता, त्याला कायद्याचा आधारच नव्हता. तो रिवाज होता. आणि त्याच नोंदणी कार्यालयांत मुलग्याला जोडनाव म्हणून मारिया लावलेलं चालत होतं. रायनर मारिया रिल्के हा कवी आणि एरिक मारिया रेमार्क हा कादंबरीकार दोघे पुरुष. मदर मेरीचं नाव मुलग्याला चालतं, सूर्याचा किरण मुलीला चालत नाही! नियम म्हणजे आपल्या सवयीची यादी, आणि यादीत नसलेलं नाव परक्याचं, एवढाच याचा अर्थ.

ती मुलगी जन्मली त्याच वर्षी किरण देसाईंना बुकर पारितोषिक मिळालं. तोवर आपल्याकडे किरण मोरे भारतासाठी यष्टीरक्षण करून निवृत्त झाले होते, किरण बेदींनी पोलीस सेवेत आयुष्य घातलं होतं, किरण मजुमदार-शॉ यांनी बायोकॉन उभी केली होती आणि किरण नगरकरांचं ‘सात सक्कं त्रेचाळीस’ वाचून मराठी वाचकांची एक पिढी हादरून झाली होती. यातल्या एकाही किरणला जोडनाव लावावं लागलं नाही. शाळेच्या हजेरीत दोन किरण असले तर एक मुलांच्या रांगेत बसला, एक मुलींच्या रांगेत बसली, आणि वर्ग चालू राहिला.

आपली भाषा या बाबतीत किती मोकळी होती ते पाहा. शिरीष पै आणि शिरीष कणेकर. पहिल्या आचार्य अत्र्यांच्या कन्या, मराठीत हायकू रुजवणाऱ्या कवयित्री. दुसरे क्रिकेट आणि सिनेमावर जीव ओवाळून लिहिणारे पत्रकार. सुहास जोशी म्हटलं की रंगभूमीवरच्या ताकदीच्या अभिनेत्री, सुहास शिरवळकर म्हटलं की ‘दुनियादारी’. या दोघांच्या किंवा दोघींच्या नावाने कधी कुणाचं काही बिघडलं नाही. कमल देसाई मराठीतल्या फार मोठ्या कथाकार, तर मद्रासेत कमल हासन आणि मध्य प्रदेशात कमलनाथ. आपल्याकडे मंगल म्हटलं की तमाशातल्या मंगल बनसोडे, उत्तरेत मंगल म्हटलं की १८५७ चा मंगल पांडे.

इथे देशाची सीमासुद्धा ओलांडायला नको, राज्याची पुरते. मृणाल गोरे महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, म्हणून आपल्या कानाला मृणाल ही बाईच. कोलकात्यात मृणाल म्हणा, समोरच्याला आधी मृणाल सेन आठवतील, ‘भुवन शोम’चे दिग्दर्शक. ज्योती आपल्याकडे शेजारच्या घरातली लेक, आणि बंगालमध्ये ज्योती बसू तेवीस वर्षं मुख्यमंत्री. रजनी म्हटलं की आपल्याला मुलगी दिसते, पण राज्यशास्त्राचे नामवंत अभ्यासक रजनी कोठारी होते आणि मुंबईचे काँग्रेस पुढारी रजनी पटेलही. बसूंच्या ज्योतीवर ज्याला आश्चर्य वाटतं त्याने आधी आपले जोतीराव आठवावेत. महात्मा फुल्यांच्या नावातली ज्योत आणि ज्योतीची ज्योत वेगवेगळी नाही. कोल्हापूरजवळच्या डोंगरावरच्या जोतिबाला गुलाल उधळणाऱ्याला हा प्रश्न कधीच पडला नाही.

मग प्रश्न पडतो कुणाला? नावाच्या शेवटच्या अक्षरावर भरवसा ठेवणाऱ्याला. ‘आ’ किंवा ‘ई’ आलं की बाई, हे आपल्या कानाचं गणित. हे गणित घरातच चुकतं: दत्ता, कृष्णा, हरी, पंढरी, रवी, शशी हे सगळे पुरुष. आणि तरी कृष्णा कल्ले गायिका होत्या, शशी देशपांडे कादंबरीकार. जिथे मराठी माणसाचं गणित मराठी नावांत टिकत नाही, तिथे ते मॉस्कोत किंवा मिलानमध्ये कसं टिकणार?

निकिताचंच बघा. १९५५ च्या हिवाळ्यात सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह भारतात आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला लोटलेल्या गर्दीला निकिता पुरुषाचंच नाव वाटलं असणार. रशियात ते आजही मुलाचंच आहे. १९८५ साली इंग्लंडच्या एल्टन जॉनने ‘निकिता’ नावाचं गाणं गायलं आणि त्याच्या चित्रफितीत निकिता झाली पूर्वेकडच्या सीमेवर पहारा देणारी तरुणी. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही कॉलेजात निकिता विचारा, मुलगीच हात वर करील. ख्रुश्चेव्ह ज्या नावाने जगाला दरडावत होते, ते नाव आपण कौतुकाने बारशाला मुलींच्या कानात सांगतो. यात चूक कुणाचीच नाही. रशियन माणसाला निकिता पाटील हा तरुण वाटेल, आपल्याला रशियातला निकिता तरुणी वाटेल, आणि दोघांनाही खरं कळायला एक वाक्य पुरेल. ते वाक्य विचारायची तसदी मात्र घ्यायला हवी.

इटलीत आंद्रेआ हे नाव पुरुषाचं. वास्तुकार पाल्लादिओ आंद्रेआ, गायक बोचेल्ली आंद्रेआ, फुटबॉलपटू पिर्लो आंद्रेआ. मूळ ग्रीक, आणि त्या मुळाचा अर्थच पुरुष. पण आल्प्स ओलांडून जर्मनीत उतरा, आंद्रेआ बाई. स्पेनमध्ये बाई, अमेरिकेत बाई. ज्या नावाच्या पोटातच पुरुष आहे, ते अर्ध्या जगाने लेकींना दिलं. इटलीचा नियम सांगतो, की नाव मुलाच्या लिंगाशी जुळलं पाहिजे, म्हणून तिथे मुलीचं नाव आंद्रेआ ठेवणाऱ्या आईवडिलांना कोर्टाची पायरी चढावी लागली. २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की आंद्रेआ हे केवळ पुरुषाचं नाव राहिलेलं नाही, मुलीलाही ते ठेवता येईल. सिमोने, निकोला, गाब्रिएले यांची गतही अशीच. इटलीत तिघे पुरुष. फ्रान्समध्ये सिमोन म्हणजे सिमोन द बोव्हुआर, स्कॉटलंडमध्ये निकोला म्हणजे माजी फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन, जर्मनीत गाब्रिएले म्हणजे कुणाची तरी मावशी.

आइसलंडची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. तिथे सरकारची नावांची समिती आहे. एका आईने मुलीचं नाव ब्लाईर ठेवलं. अर्थ झुळूक. हालदोर लाक्सनेस या त्यांच्या नोबेलविजेत्या लेखकाच्या कादंबरीत या नावाची स्त्री आहे. समिती म्हणाली, हा शब्द आमच्या व्याकरणात पुल्लिंगी, मुलीला चालणार नाही. मग सरकारी कागदांवर त्या मुलीच्या नावाच्या जागी काय होतं? ‘मुलगी’. नुसतं ‘मुलगी’. पंधरा वर्षांची होईपर्यंत तिच्या देशाने तिला कागदोपत्री नाव दिलं नाही, कारण झुळकेचं व्याकरण आडवं आलं. जानेवारी २०१३ मध्ये रेक्याविकच्या न्यायालयाने तिला तिचं नाव दिलं. २०१९ साली आइसलंडने कायदाच बदलला आणि नावांच्या यादीतली मुलांची-मुलींची भिंत काढून टाकली. एका मुलीने आईच्या मदतीने देशाची यादी फाडली. मला तिचा मनापासून आदर वाटतो.

हाच नियम आपण लावला असता तर? मराठीत किरण पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी. म्हणजे बेळगावच्या किरणने मुलगा व्हायचं आणि भोपाळच्या किरणने मुलगी? शब्दाचं लिंग शब्दापाशी राहू द्यावं, माणसाला चिकटवू नये.

आता ज्या गोष्टीचा मला खरा राग येतो ती सांगतो. ही नावं दोन्हीकडे सारख्या पावलांनी जात नाहीत. इंग्लंडमध्ये शर्ली हे मुलग्याचं नाव होतं. १८४९ मध्ये शार्लट ब्राँटीने कादंबरीच्या नायिकेला ते दिलं, पुढे ते मुलींत पसरलं आणि मुलग्यांनी ते टाकलं. लेस्ली, ॲश्ली, इव्हलिन यांचा प्रवास याच दिशेने झाला. मुलग्याचं नाव मुलीकडे येतं, आणि एकदा आलं की मुलगे ते सोडून पळतात. उलट प्रवास जवळपास नाही. का नाही? मुलीला मुलग्याचं नाव दिलं की बाप अभिमानाने सांगतो, माझी पोरगी कुणापेक्षा कमी नाही. मुलग्याला मुलीचं वाटेल असं नाव दिलं की त्याच बापाला पोराच्या शाळेची काळजी पडते. पोरं चिडवतील. चिडवतील म्हणजे काय करतील? मुलगी म्हणतील. मुलगी म्हणवून घेणं हा मुलग्याचा अपमान, हे त्या पोरांना कुणी शिकवलं? आपणच. घरात, पंगतीत, सिनेमात, मैदानावर.

आपल्याकडे हे आता उघड दिसतं. शीतल, स्नेहल, सुमन, कमल ही नावं पूर्वी मुलग्यांना निर्धास्तपणे दिली जायची. संगीतकार भाटकरांनी तर स्नेहल हे नाव स्वतः घेऊन गाणी दिली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. आजचे आईबाप मुलग्यासाठी नाव शोधताना पहिली काट अशाच नावांवर मारतात. गोंधळ नको, हे वरचं कारण. खालचं कारण वेगळं. किरण नावाच्या बाईंना श्री. किरण असं पत्र आलं तर त्या लिफाफा बाजूला ठेवून कामाला लागतात. किरण नावाच्या बुवांना सौ. किरण आलं तर घरभर ओरडा होतो. चूक एकच, ओरडा एका बाजूचा. ज्याला बाई समजलं जाणं इतकं झोंबतं, त्याने बाईपणाला काय किंमत दिली आहे हे तो स्वतःच सांगून टाकतो. नावावरून लिंग कळावं या हट्टाच्या मुळाशी हीच भीती आहे, असं माझं ठाम मत आहे.

शीख समाजाने ही भीती केव्हाच मोडली. हरप्रीत, गुरप्रीत, मनप्रीत ही नावं मुलगा-मुलगी दोघांना. पुढे सिंग किंवा कौर. पॅरिसमध्ये २०२४ साली ऑलिंपिकचं ब्राँझ घेणाऱ्या हॉकी संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग. नवी मुंबईत २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री विश्वचषक उचलणाऱ्या क्रिकेट संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर. एकच नाव, दोन्ही कर्णधार. त्या रात्री नेरूळच्या स्टेडियममधून ओरडत बाहेर पडलेल्या पोरांच्या ओठांवर जे नाव होतं, ते मुलाचं की मुलीचं याची कुणाला फिकीर नव्हती.

मराठी वर्तमानपत्रांना मात्र फिकीर करावीच लागते, आणि हे मी उपसंपादकांच्या बाजूने सांगतो. इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी येते, त्यात कुणी आंद्रेआ काहीतरी म्हणते किंवा म्हणतो. इंग्रजी क्रियापदाला त्याचं देणंघेणं नाही. मराठीत भूतकाळ आला की क्रियापद दारातच अडवतं: म्हणाले की म्हणाल्या? तेव्हा कामाला येतं ‘यांनी सांगितलं’. किरण यांनी सांगितलं, आंद्रेआ यांनी स्पष्ट केलं. इथे क्रियापद सांगणाऱ्याच्या मागे जात नाही, म्हणून बाई-पुरुष दोघे सुखाने बसतात. मराठी बातमीत ‘यांनी’चा एवढा सुकाळ का, याचं एक कारण हे आहे. पण पुढच्याच वाक्यात ती व्यक्ती कुठे गेली, बसली किंवा हसली, की आडोसा संपला. मग कुणीतरी नावाच्या शेवटच्या अक्षराकडे बघून ठोकून देतं आणि सकाळी लाखभर घरांत एक प्राध्यापिका प्राध्यापक होऊन पोहोचते. शोध लावायला दोन मिनिटं लागतात. छायाचित्र बघा, संस्थेच्या पानावर बघा, फोन करा. दोन मिनिटं नसतील तर बातमी दोन मिनिटं उशिरा जाऊ द्या.

अंदाज कागदावर राहतो तोवर फार तर मन दुखतं. यंत्रात गेला की तो कुठे बसेल सांगता येत नाही. जुलै २०२० मध्ये बर्मिंगहॅमहून मायोर्काला निघालेल्या एका प्रवासी विमानात १८७ प्रवासी होते. ज्या बायकांच्या नावाआधी ‘मिस’ होतं, त्यांना संगणकाने लहान मुली धरलं. कारण ती आज्ञावली जिथे लिहिली गेली होती, तिथे ‘मिस’ म्हणजे लहान मुलगी आणि ‘एमएस’ म्हणजे मोठी बाई. अशा ३८ जणींचं वजन प्रत्येकी ६९ किलोऐवजी ३५ किलो मोजलं गेलं. विमान कागदावर होतं त्यापेक्षा १,२४४ किलो जास्त वजन घेऊन धावपट्टीवरून उडालं. ते सुखरूप पोहोचलं. ब्रिटनच्या अपघात तपास यंत्रणेने मात्र ती गंभीर घटना म्हणून नोंदवली, आणि योग्य केलं. एका देशातली बाईंना हाक मारायची पद्धत दुसऱ्या देशाच्या विमानाचं वजन चुकवते. म्हणून नाव किंवा उपाधी पाहून माणूस ओळखणाऱ्या प्रत्येक यंत्राकडे संशयाने पाहणं हा शहाणपणाच आहे. आपल्याकडेही श्रीमती म्हटलं की हिंदी मुलखात नवरा असलेली बाई आणि जुन्या मराठी वळणात नवरा गेलेली. पुरुषाला श्री. जन्मभर पुरतं.

नाव कसं लिहायचं हे ठरवण्यात सरकारचा हात नसतो असं नाही. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बापाच्या नावाआधी आईचं नाव लावणं बंधनकारक केलं. शतकांची सवय एका निर्णयाने हलली. मग अर्ज भरून घेताना नावावरून श्री. किंवा श्रीमती आपोआप चिकटवणारा रकाना हलायला काय हरकत आहे? माणसाला विचारा, तो सांगेल. सांगायचं नसेल तर नुसत्या नावाने पत्र पाठवा. टपाल तेवढ्यानेही पोहोचतं.

बँकेच्या खिडकीपलीकडे बसणाऱ्यांना, शाळेच्या कार्यालयात दाखले लिहिणाऱ्यांना, लग्नपत्रिकेची पाकिटं लिहिणाऱ्या यजमानांना आणि अंकाच्या घाईत असलेल्या माझ्या उपसंपादक मित्रमैत्रिणींना माझं एवढंच मागणं आहे: किरण, सुहास, आंद्रेआ, निकिता, हरमनप्रीत, कोणतंही नाव येवो, अंदाज बांधू नका, विचारा. आणि घरात मुलगा जन्मला असेल, मनात शिरीष किंवा स्नेहल भरलं असेल, तर पोरं चिडवतील म्हणून माघार घेऊ नका. तेच नाव ठेवा.